म्यानाला दोरी, मंत्राला काय?

तलवार दिसते, मंत्र दिसत नाही. कल्पनारम्य भूमिका-खेळांमधल्या नगरांचे कायदे मी एकाशेजारी एक ठेवून वाचू लागले, तेव्हा त्या सगळ्यांच्या मुळाशी हीच साधी अडचण असल्याचे लक्षात आले.

ज्यांना हे खेळ अपरिचित आहेत त्यांच्यासाठी थोडी ओळख. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी पुरोहित. सूत्रधार बोलून जग उभे करतो आणि यशापयश फासे ठरवतात. भुयारातल्या राक्षसांशी लढून ही मंडळी नगरात परततात, तेव्हा खरा प्रश्न सुरू होतो. कमरेला तलवार आणि जिभेवर आग बाळगणाऱ्या माणसांना वेशीच्या आत घ्यायचे कसे?

तलवारीचे उत्तर सोपे आहे, आणि इतिहासात त्याचे नमुने आहेत. इंग्लंडमध्ये १३२८ सालच्या नॉर्दॅम्प्टनच्या कायद्याने जत्रांत आणि बाजारांत हत्यारासह फिरण्यास मनाई केली होती. अमेरिकेतल्या टूमस्टोन या खाणगावात १८८१ साली गावात शस्त्र बाळगण्यावर बंदी होती. ओके कोरालची प्रसिद्ध चकमक हाच नियम बजावण्याच्या निमित्ताने झडली. एड ग्रीनवुड यांनी निर्मिलेल्या ‘फरगॉटन रेल्म्स’ या खेळविश्वातल्या कॉरमिर राज्याने याहून सौम्य तोडगा काढला आहे. तिथे शस्त्र काढून घेत नाहीत; तलवारीची मूठ म्यानाला दोरीने बांधायला लावतात. तलवार उपसता येते, पण आधी गाठ सोडावी लागते. रागाच्या भरात गेलेला हात तेवढ्यात थांबतो.

आता शेजारी उभ्या असलेल्या जादूगाराकडे वळू. द्वारपालाने त्याच्याकडून नेमके काय काढून घ्यायचे? खेळाच्या नियमांनुसार मंत्राला उच्चार, हस्तमुद्रा आणि साहित्य यांपैकी काही ना काही लागते. साहित्याची पिशवी जप्त करता येईल, पण प्रत्येक मंत्राला साहित्य लागत नाही. मंत्रांची वही काढून घेतली, तरी तयार करून ठेवलेले मंत्र डोक्यात राहतातच. त्यात २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने ‘सॉर्सरर’ हे पात्र आणले. त्याची जादू शिकलेली नसते, उपजत असते. त्याच्याकडे वहीच नाही. म्हणजे योद्धा वेशीवर निःशस्त्र होतो आणि जादूगार रिकाम्या हातांनी, पण पुरता सशस्त्र आत जातो. टेबलाभोवतीच्या मित्रांना हा पक्षपात लगेच खुपतो. म्हणून सूत्रधार जादूवरही कायदा करायला बसतो.

इथे कायद्याची दिशा बदलते. वस्तू बांधता येत नाही म्हणून तो माणसाला बांधू लागतो. कॉरमिरमध्ये जादूगारांना सरकारदरबारी नाव नोंदवावे लागते. ‘बाल्डर्स गेट २’ (२०००) या संगणक-खेळातल्या अथकाटला शहरात रस्त्यावर विनापरवाना जादू केली, की बुरखाधारी जादूगार प्रकट होतात. आधी ताकीद, मग हल्ला. परवान्याची किंमत पाच हजार सुवर्णमुद्रा, आणि तो मिळतो त्यांच्याच प्रतिनिधीकडे. जादूगाराने स्वतःच्या रक्षणापुरता मंत्र म्हटला तरी गुन्हा. पुरोहिताने देवाच्या नावाने शत्रूला होरपळवले तर मात्र कोणी येत नाही. हा कायदा धोका मोजत नाही, माणूस कोणत्या गटाचा आहे ते पाहतो.

२००९ च्या ‘ड्रॅगन एज’मध्ये ही दिशा टोकाला जाते. एखाद्या मुलात जादू दिसली, की त्याला घरापासून तोडून मनोऱ्यात ठेवतात. भोवती सशस्त्र पहारा. मुलाने काही केलेले नसते. तो काय करू शकेल, एवढाच त्याचा गुन्हा.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. ब्रिटिशांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. त्याने माणसाचे कृत्य नव्हे, जन्म गुन्हेगार ठरवला. हजेरी, वावरण्यावर बंधने आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती लोकांच्या वाट्याला आल्या. हा कायदा १९५२ साली संपला, पण शिक्का पुसायला तेवढे पुरले नाही. फरक एवढाच, की मनोऱ्यातल्या मुलाच्या हातात खरोखर आग असते. इथे तर तेही नव्हते.

मग जादूला मोकळे रान द्यायचे? तसेही नाही. मला आगीपेक्षा ‘चार्म पर्सन’ हा मंत्र अधिक धोकादायक वाटतो. जळालेले दुकान सगळ्यांना दिसते; पण या मंत्राने मोहित झालेला दुकानदार समोरच्याला मित्र समजतो आणि नको तो सौदा हसत करतो. बाहेरून पाहणाऱ्याला ती संमतीच वाटते. मात्र २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत या मंत्राला एक मर्यादा आहे. तासाभराने प्रभाव ओसरला, की आपल्यावर मंत्र चालवला होता हे त्या माणसाला कळते. म्हणजे साक्षीदार मिळतो, फिर्याद होऊ शकते, सौदा रद्द ठरवता येतो. वेशीवर सगळ्या जादूगारांना अडवण्यापेक्षा बाजारात एक चांगला न्यायाधीश बसवणे अधिक कामाचे.

म्हणून नगर उभे करणाऱ्या सूत्रधाराला माझे सांगणे असते, की मनाईची यादी नंतर लिही. आधी ठरव, की आग लावणे, फसवणे, मन वळवून लुबाडणे यांना शिक्षा काय. मग ते मशालीने केलेले असो वा मंत्राने. आणि परवाना ठेवायचाच असेल, तर तो कोण विकतो आणि कोणाला परवडत नाही, तेही लिहून ठेव. खेळणाऱ्यांच्या पात्रांची त्या नगरातली गोष्ट बहुधा तिथूनच सुरू होते.