न मागता येणारी ऊब

म्हातारपण आणि सरकार : लेखांक ८

मागच्या आठवड्यात आपण ब्रिटनमधलं सरकारी पेन्शन कसं ठरतं ते पाहिलं. हे पेन्शन बहुतेकांना दर चार आठवड्यांनी सारखंच मिळतं. खर्च मात्र बारा महिने सारखा नसतो. ऑक्टोबर सरला की तिथे गॅसचा वापर वाढू लागतो आणि मार्च संपेपर्यंत तो उतरत नाही. या काळात सरकार वृद्धांना घर गरम ठेवण्यासाठी हात देतं. आज त्या मदतीविषयी. किती पैसे मिळतात हे तर सांगायचंच आहे, पण ते माणसाच्या हातात कसे पोचतात, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

माझी आत्या उत्तर लंडनमध्ये राहते. लग्न होऊन १९७१ साली ती तिकडे गेली. आतोबा गेल्यापासून एकटीच असते. २०२४ च्या डिसेंबरात मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती ७८ वर्षांची होती. दुपारचे चार वाजले होते, बाहेर अंधारून आलं होतं. आत शिरून कोट काढायला लागलो तर म्हणाली, "राहू दे रे अंगावर. हीटिंग सहाला लागतं." ओट्यावर स्मार्ट मीटरचा छोटा पडदा होता. सकाळपासून किती पैशांची वीज आणि गॅस जळला, ते त्यावर दिसायचं. चहा ठेवताना, दिवा लावताना तिची नजर त्या आकड्याकडे जायची. वरच्या दोन खोल्यांचे रेडिएटर तिने बंद करून टाकले होते आणि दारांखालच्या फटींत जुन्या सुती साड्यांच्या गुंडाळ्या बसवल्या होत्या. पायांवर माहेरची गोधडी, पोटाशी गरम पाण्याची पिशवी. भिंतीवरचा थर्मोस्टॅट १५ अंश दाखवत होता.

"सवय झाली आता," ती म्हणाली. मनाला होत असेल, शरीराला ही सवय होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. थंड प्रदेशात घराच्या आतलं तापमान निदान १८ अंश असावं, असं त्यात म्हटलं आहे. घर त्याहून थंड राहिलं की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्त दाट होतं. पन्नाशीच्या माणसाला हे सोसतं. ऐंशीच्या घरातल्या माणसाला त्यातून हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. छातीचे आजार बळावतात. वयाबरोबर थंडीची जाणीवही बोथट होत जाते, त्यामुळे खोली किती गार झाली आहे हे ज्याला कळायला हवं, त्यालाच ते उशिरा कळतं.

फिनलंड, स्वीडन हे देश ब्रिटनहून कितीतरी थंड. तरी उन्हाळ्याच्या तुलनेत हिवाळ्यात होणाऱ्या जादा मृत्यूंचं प्रमाण तिथे ब्रिटनपेक्षा कमी राहत आलं आहे. तिथली घरं थंडीचा विचार करून बांधलेली असतात. इंग्लंडमध्ये साधारण दर पाच घरांतलं एक १९१९ च्या आधीचं आहे. एकसंध विटांच्या भिंती, उंच छत, जुन्या खिडक्या. अशा घरात बॉयलरने तापवलेली हवा तासाभरात निघून जाते आणि पैसे पुन्हा जाळावे लागतात. इंधनाचा खर्च न झेपणाऱ्या कुटुंबांच्या या अवस्थेला तिथे 'इंधन-दारिद्र्य' म्हणतात. ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिलं. घर पुरेसं उबदार ठेवण्यासाठी उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून अधिक खर्च करावा लागणारं घर इंधन-दरिद्री, ही त्यांची व्याख्या पुढे बरीच वर्षं सरकारी कामकाजात चालली.

या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर १९९७ मध्ये नव्याने सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी 'विंटर फ्युएल पेमेंट' जाहीर केलं. आपण त्याला हिवाळी इंधन भत्ता म्हणू. सुरुवात अगदी लहान होती : घरटी २० पौंड, आणि सर्वांत गरीब पेन्शनरांना ५०. पुढे रक्कम १०० झाली आणि २००० च्या हिवाळ्यात २०० पौंडांवर गेली. २००३ पासून ऐंशी ओलांडलेल्यांच्या घराला ३०० मिळू लागले.

सुरुवातीच्या काळातच एक महत्त्वाचा खटला झाला. तेव्हा स्त्रियांचं पेन्शनचं वय ६० होतं, पुरुषांचं ६५, आणि भत्ता त्या वयाला बांधलेला. पोस्टातून निवृत्त झालेले ६२ वर्षांचे जॉन टेलर न्यायालयात गेले. थंडी बाईमाणूस आणि बाप्यामाणूस बघून वाजत नाही, मग त्याच वयाच्या स्त्रीला भत्ता आणि मला का नाही, असा त्यांचा साधा प्रश्न होता. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर १९९९ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि साठीच्या पुरुषांनाही भत्ता सुरू झाला. पुढे पेन्शनचं वय जसं चढत गेलं तसं भत्त्याचंही वय चढलं. २०२० पासून ते स्त्री-पुरुष दोघांनाही ६६ होतं, आणि २०२६ ते २०२८ या काळात ते टप्प्याटप्प्याने ६७ होत आहे.

या भत्त्याची खरी ताकद त्याच्या वाटपात होती. सप्टेंबरमधला एक आठवडा 'पात्रता आठवडा' म्हणून ठरलेला असतो. त्या आठवड्यात तुम्ही पेन्शनच्या वयाचे असलात आणि सरकारी पेन्शन घेत असलात की नोव्हेंबर-डिसेंबरात पैसे आपोआप खात्यात येतात. अर्ज नाही, दाखला नाही, रांग नाही. सरकारकडे तुमचं वय आणि खातेक्रमांक आधीच असतो, मग पुन्हा विचारायचं कशाला?

रोख रक्कम दिली तर ती गॅसवरच खर्च होईल कशावरून, ही शंका तिथेही घेतली गेली. त्यावर ब्रिटनमधल्या अर्थतज्ज्ञांनी केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. हीच रक्कम नुसतं उत्पन्न म्हणून मिळाली असती तर तिच्यातला जेमतेम तीन टक्के भाग इंधनावर गेला असता. प्रत्यक्षात सरासरी ४७ टक्के गेला. पैशांवर कसलीही सक्ती नव्हती. फक्त पत्रावर 'हिवाळी इंधन' हे शब्द होते. आपल्याकडे आजी नातवाच्या हातात नोट ठेवताना "याची वही घे हो" म्हणते, तेव्हा त्या शब्दांना वजन असतं. सरकारी पत्रातल्या शब्दांनाही ते असू शकतं. काटकसर हाडीमाशी खिळलेल्या पिढीला या पत्राने जणू सांगितलं, की हे पैसे ऊब विकत घेण्यासाठी आहेत, घ्या.

सत्तावीस वर्षं असं चाललं. श्रीमंत म्हाताऱ्यांनाही हे पैसे का, हा आक्षेप होताच आणि तो गैर नव्हता. २९ जुलै २०२४ रोजी नव्या सरकारच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी तिजोरीतल्या तुटीचं कारण देत जाहीर केलं, की यापुढे इंग्लंड आणि वेल्समध्ये हा भत्ता 'पेन्शन क्रेडिट' किंवा तशीच गरिबांसाठीची दुसरी मदत घेणाऱ्यांनाच मिळेल. सुमारे एक कोटी पेन्शनर एका फटक्यात यादीबाहेर गेले. हा निर्णय रोखण्याचा प्रस्ताव १० सप्टेंबरला संसदेत ३४८ विरुद्ध २२८ मतांनी फेटाळला गेला.

ऐकायला हे न्याय्य वाटतं : गरजूंना द्या, बाकीच्यांना नको. पण गरजू कोण हे ठरवणारी रेघ कुठे पडली, ते बघा. पेन्शन क्रेडिट म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांना दिली जाणारी भर. २०२४-२५ मध्ये एकट्या माणसाचं उत्पन्न आठवड्याला २१८.१५ पौंडांपर्यंत आणून देणं हे तिचं मुख्य काम. त्याच वर्षी नव्या पद्धतीचं पूर्ण सरकारी पेन्शन होतं आठवड्याला २२१.२० पौंड. म्हणजे ज्याला या पेन्शनपलीकडे एक पैसाही मिळत नाही, असा माणूससुद्धा एरवी या रेघेच्या तीन पौंड पलीकडे पडला. आठवड्याच्या त्या तीन पौंडांपायी त्याची हिवाळ्याची २०० किंवा ३०० पौंडांची मदत पूर्ण गेली. आत्याचं तसंच झालं. तिचं जुन्या पद्धतीचं पेन्शन आणि आतोबांच्या नोकरीतून येणारं थोडं विधवा-पेन्शन मिळून ती रेघेच्या किंचित वर होती. सहा वाजेपर्यंत कोट अंगावर ठेवणं हा त्या 'किंचित'चा अर्थ होता.

रेघेच्या खालच्यांची कथा तर आणखी वाईट. पेन्शन क्रेडिट आपोआप मिळत नाही, मागावं लागतं. अर्जात मिळून दोनशेच्या वर प्रश्न होते. सगळे प्रत्येकाला लागू नसत, पण पहिलं पान उघडणाऱ्या थकल्या डोळ्यांना ते कसं कळणार? बचत किती, घरात आणखी कोण, जुन्या नोकरीचं काही येतं का. कुणाला इंग्रजी अवघड, कुणाला इंटरनेट, आणि कित्येकांना हात पसरल्यासारखं वाटतं म्हणून ते अर्जच करत नाहीत. सरकारच्याच अंदाजाप्रमाणे पेन्शन क्रेडिटला पात्र असूनही ते न घेणारी लाखो कुटुंबं होती. आधी त्यांना निदान हिवाळी भत्ता तरी न मागता मिळायचा. २०२४ मध्ये तोही न मागितलेल्या मदतीला बांधला गेला. घोषणेनंतर अर्जांचा ओघ दुपटीहून जास्त वाढला, ही त्यातली चांगली बाजू. तरी सर्वांत एकाकी, सर्वांत बुजरी माणसं अर्जाच्या वाटेने येत नाहीत, हे जगात सगळीकडे सारखंच आहे.

लोकांनी राग धरला. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत मजूर पक्षाला जबर फटका बसला आणि दारोदार फिरलेल्या त्यांच्याच कार्यकर्त्यांनी या भत्त्याचं नाव घेतलं. ९ जूनला सरकारने माघार घेतली. २०२५-२६ च्या हिवाळ्यापासून इंग्लंड आणि वेल्समध्ये भत्ता पुन्हा पेन्शनच्या वयाच्या जवळजवळ सगळ्यांच्या खात्यात जमा होऊ लागला. ज्यांचं वैयक्तिक वार्षिक उत्पन्न ३५ हजार पौंडांहून अधिक आहे, त्यांच्याकडून तो नंतर प्राप्तिकरातून परत घेतला जातो. सुमारे नव्वद लाख पेन्शनरांकडे तो राहतो.

मला या प्रकरणातला सर्वांत मोलाचा बदल हा वाटतो. आधीच्या वर्षी 'गरीब असल्याचं सिद्ध करा, मग देतो' असं होतं. आता 'आधी घ्या, श्रीमंत असाल तर आम्ही परत घेऊ' असं झालं. तिजोरीची काळजी दोन्ही पद्धतींत आहे. पण कागद रंगवण्याचं ओझं पहिल्या पद्धतीत गरिबाच्या डोक्यावर होतं. दुसरीत ते कर खात्याने उचललं, आणि माणसाचं उत्पन्न त्या खात्याला ठाऊक असतंच.

बाकीच्या मदती थोडक्यात. कडाक्याच्या थंडीसाठी वेगळा भत्ता आहे : नोव्हेंबर ते मार्चमध्ये तुमच्या भागाच्या हवामान केंद्रावर सलग सात दिवसांचं सरासरी तापमान शून्य किंवा खाली नोंदलं गेलं, किंवा तसा अंदाज असला, की गरीब कुटुंबांना त्या आठवड्याचे २५ पौंड मिळतात. 'वॉर्म होम डिस्काउंट'मध्ये वीजबिलातून १५० पौंड वजा होतात. स्कॉटलंडने स्वतःचा वेगळा भत्ता सुरू केला आहे आणि २०२५-२६ मध्ये तो २०३.४० आणि ऐंशीपुढच्यांना ३०५.१० पौंड होता. हे वरचे तीन-चार पौंड क्षुल्लक वाटतील, पण त्यांतून कळतं की तिथे रक्कम महागाईबरोबर हलते. इंग्लंडचे २०० पौंड मूळ दरात २००० सालापासून तिथेच थिजले आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वसाधारण कुटुंबाच्या वर्षाच्या वीज-गॅस बिलाची नियंत्रित पातळी १,७५५ पौंड होती. भत्त्यातून त्याचा आठवा हिस्साही धड निघत नाही. शिवाय आपल्या वीजबिलात 'स्थिर आकार' असतो तसा तिथेही असतो, आणि हीटिंग बंद ठेवलं तरी तो चुकत नाही. घरांच्या भिंती आणि खिडक्या दुरुस्त होत नाहीत तोवर हा भत्ता म्हणजे दरवर्षी नव्याने लावावं लागणारं ठिगळच आहे. ठिगळानेही थंडी अडते, हे मात्र विसरू नये.

आपल्याकडे नोव्हेंबर आला की पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला निघतात. आता मोबाइलवरून तो देता येतो, तरी बँकेच्या बाकावर काठी टेकून बसलेली माणसं दिसतातच. त्याच महिन्यात तिकडे पैसे आपण होऊन घरी येतात. हिवाळा वेगळा, देश वेगळा, पण जे सरकारला आधीच माहीत आहे ते म्हाताऱ्या माणसाकडून पुन्हा वदवून घेऊ नये, हा धडा इथेही तितकाच लागू आहे.

शेवटी, ज्यांचे आईवडील, काका, आत्या ब्रिटनमध्ये आहेत त्यांच्यासाठी काही गोष्टी. मुलांकडे व्हिसावर राहायला गेलेल्या पालकांना हा भत्ता मिळत नाही. निवृत्तीनंतर भारतात परतलेल्यांनाही मिळत नाही, आणि त्यांचं ब्रिटिश पेन्शनही इथे वाढत नाही. तिथेच राहणाऱ्यांना सरकारी पेन्शन सुरू असेल तर अर्ज करावा लागत नाही. म्हणून 'भत्त्यासाठी बँकेचा तपशील भरा' असा संदेश मोबाइलवर आला तर तो फसवणुकीचा समजा आणि पुसून टाका. पेन्शन क्रेडिटसाठी मात्र अर्ज लागतोच. तो त्यांच्या शेजारी बसून भरून द्या. जवळ कुणी नसेल तर फोनवर, एकेक प्रश्न मराठीत समजावून भरा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आत्याच्या खात्यात २०० पौंड जमा झाले. फोनवर म्हणाली, "आता चारला लावते हो हीटिंग." या आठवड्यात तुमच्या माणसालाही फोन करा आणि तब्येत विचारून झाली की थर्मोस्टॅटवरचा आकडा विचारा. तो १८ च्या खाली असेल तर पुढचं बोलणं त्यावरच करा.