शिट्टीचा माग

कात्रजचा घाट चढताना तिसऱ्या गियरमध्ये गाडी शिट्टी वाजवायची. कुकरसारखी नाही, कुणी ओठ आवळून एकच सूर धरावा तशी. २००० आरपीएमच्या आसपास सुरू व्हायची, २५०० च्या पुढे बारीक होत विरून जायची आणि पाय उचलला की क्षणात गप्प. गाडी १२४८ सीसीची डिझेल हॅचबॅक. हे इंजिन आपल्याकडे इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलं, की गाडीवेडे त्याला ‘नॅशनल इंजिन’ म्हणायचे. त्यामुळे दोष इंजिनाला द्यायची सोय नव्हती. शिट्टी ही माझीच कमाई. महिन्याभरापूर्वी मी एअर फिल्टरची मूळ पेटी काढून बाजारातला शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर आणि चकचकीत ॲल्युमिनियमचा पाईप हौसेने बसवून घेतला होता.

पहिल्या गॅरेजवाल्याने गाडी जागेवरच दोनदा रेस केली आणि निकाल दिला: टर्बो गेला, बदलावा लागेल. खर्चाच्या धसक्याने मी सिंहगड रस्त्यावरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांना सगळे मामाच म्हणतात.

मामांनी पान्याला हात लावला नाही. आधी विचारलं, “उभ्या गाडीत वाजते का?”

“नाही.”

“चढाला?”

“हमखास.”

“आणि चालत्या गाडीत क्लच दाबला की?”

“लगेच थांबते.”

एवढ्यात निम्मं काम झालं होतं. क्लच दाबूनही आवाज राहिला असता, तर तो टायरचा, दाराच्या रबराचा किंवा टपावरच्या कॅरियरचा असता. उभ्या गाडीत वाजत नाही, कारण इंजिनावर भार नसला की टर्बो फारसा दाब तयार करत नाही आणि हवाही बेताचीच ओढली जाते. हे इंजिन २००० आरपीएमला टर्बोविनाही मिनिटाला साधारण १२५० लिटर हवा ओढेल. चढाला टर्बो त्यात भर घालतो. म्हणजे आवाज हवेच्या ओढीशी बांधलेला होता.

तरी मामांनी फिरणाऱ्या पट्ट्यावर पाण्याचे चार थेंब टाकून घेतले. पट्टा ओरडत असेल तर पाण्याने आवाज बदलतो. इथे काही फरक पडला नाही. मग त्यांनी विचारलं, “जुनी पेटी आहे का, का दिली भंगारात?” पेटी माळ्यावर होती. ती आणून बसवायला अर्धा तास लागला. आम्ही पुन्हा घाट चढलो. शिट्टी नाही.

“आता टर्बोचं नाव काढायचं नाही,” मामा म्हणाले. तरी परतल्यावर नळी काढून त्यांनी बोटांच्या चिमटीत टर्बोचं चाक धरलं. बाजूला किंचित हललं; तेवढं चालतं. आत-बाहेर मात्र अजिबात हललं नाही. ते हललं असतं तर पहिल्या गॅरेजवाल्याचं खरं ठरलं असतं.

मूळ पेटी नुसता फिल्टर सांभाळत नाही, हे मला तिथे कळलं. तिच्या नळीला चिकटलेला पोकळ डबा असतो. त्यातून हवा वाहत नाही. त्याचं काम ठरावीक सूर गिळण्याचं. उघडा फिल्टर लावला की हा डबा जातो आणि टर्बोचा एरवी दबलेला सुस्कारा कानावर येऊ लागतो. तो दोष नव्हे. पण सुस्कारा पसरट असतो, आणि माझ्या गाडीचा सूर सुईसारखा टोकदार होता. असा सूर निघायला बासरीसारखी व्यवस्था लागते: अरुंद वाट आणि समोर धार.

नवा पाईप पुन्हा बसवला. मामांनी देवापुढची उदबत्ती उचलली. टर्बोच्या पुढे, दाबाच्या बाजूला फट असती तर हवा बाहेर फुसफुसली असती, गाडीची ओढ कमी झाली असती, काळा धूर आला असता. यातलं काहीच नव्हतं. फट असलीच तर ती अलीकडे, हवा आत ओढली जाते त्या बाजूला. गॅरेजमधल्या पोराने रेस धरून ठेवली आणि मामा उदबत्ती प्रत्येक जोडाजवळून सावकाश फिरवत गेले. फिल्टरच्या गळ्याशी धूर सरळ. ब्रीदर पाईपच्या रबराशी सरळ. पाईप जिथे टर्बोकडे जाणाऱ्या नळीला मिळतो, तिथल्या सिलिकॉनच्या जोडाखाली मात्र धुराची रेघ वाकली आणि सुतासारखी आत खेचली गेली. (पेट्रोल गाडीजवळ उदबत्ती नको. मोठ्या गॅरेजांत यासाठी यंत्र असतं: इंजिन बंद ठेवून, पाईपचं तोंड बंद करून हलक्या दाबाने आत धूर भरतात. फटीतून तो बाहेर येतो.)

लगेच जोड उघडला नाही. त्यावर इन्सुलेशन टेपचे पाच-सहा वेढे घट्ट मारले आणि तिसऱ्यांदा घाट. गप्प.

मग जोड उघडला. पाईप ७६ मिलिमीटरचा, पलीकडची नळी ७० ची, आणि दोन्हींवर चढवलेला सिलिकॉनचा तुकडा सरळ, ७६ चा. व्यासात सहा मिलिमीटरचा फरक म्हणजे परिघात जवळपास १९. ते जास्तीचं सिलिकॉन जाणार कुठे? क्लिप आवळल्यावर नाडी ओढलेल्या पायजम्यासारख्या त्याला चुण्या पडल्या होत्या. त्यातली खालची चुणी वरून दिसत नव्हती. तिच्यात नखाएवढी फट उरली होती आणि हवा तिथून नळीच्या धारेवर आदळत होती. क्लिप आणखी आवळली असती तर चुणी फक्त खोल गेली असती.

मामांनी नळीच्या आत बोट फिरवून माझ्यासमोर धरलं. फिल्टरनंतरची ही जागा स्वच्छ असायला हवी. बोटावर तांबूस धूळ होती. नळीतही फटीपासून टर्बोच्या दिशेने त्याच धुळीचा पट्टा उमटला होता. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या चाकावर महिनाभर ही न गाळलेली धूळ आपटत होती. शिवाय फट हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे असल्याने तिथून शिरणारी हवा ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, हिशेबातच येत नव्हती. शिट्टी कानाला टोचली म्हणून हे कळलं. फट मोठी आणि मुकी असती, तर टर्बो खरोखर गेल्यावरच कळलं असतं.

नाना पेठेतून एका तोंडाला ७६ आणि दुसऱ्या तोंडाला ७० असा रिड्यूसर आणला, नळी पुसून घेतली, क्लिपा बेताने आवळल्या. घाटात आता फक्त सुस्कारा ऐकू येतो.

नवा फिल्टर लावायची हौस असेल तर जरूर करा, पण जोडाची दोन्ही मापं कॅलिपरने घ्या. शिट्टी वाजू लागली तर टर्बोची किंमत विचारण्याआधी जुनी पेटी चढवून एक घाट चढून बघा. आणि त्यासाठी, ती पेटी भंगारात देऊ नका.