उताराची सायकल आणि ॲल्युमिनियमचा सांधा

पौड रस्त्याने पुणे मागे पडले की भूगाव, भुकूम आणि मग पिरंगुटचा घाट लागतो. घाट उतरल्यावर एकीकडे कारखान्यांच्या शेड दिसतात, दुसरीकडे टेमघर-लवासाच्या डोंगरांकडे वळणारा रस्ता. रविवारी पहाटे या रस्त्याने चढ चढायला निघालेले सायकलस्वार आता नवे राहिलेले नाहीत. त्यांच्यातल्या काहींना मात्र ओढ असते ती चढाची नव्हे, उताराची. डोंगरमाथ्यावरून दगडधोंड्यांच्या पायवाटेने कमीत कमी वेळात खाली येणे, म्हणजे ‘डाउनहिल’.

या शर्यतीचे मूळ कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत आहे. १९७६ साली काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या पोलादी सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडल्या. उतरताना मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस इतके तापे, की ते जळून जाई आणि प्रत्येक वेळी नव्याने भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच ‘रिपॅक’ पडले. १९९० साली अमेरिकेतल्या डुरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तीत डाउनहिलचा समावेश होता. आपल्याकडेही राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धेत हा प्रकार असतो, आणि पुण्यात प्रवीण प्रभाकरन व विनय मेनन यांनी ‘सायनाइड’ या नावाने माउंटन सायकली घडवण्याचा उपक्रम उभारला.

हौशी स्पर्धकापुढचा पहिला प्रश्न पैशांचा. जागतिक पातळीवरच्या सायकलींत कार्बन तंतूंची चौकट सर्रास दिसते. पण तिचे थर साच्यात हाताने रचावे लागतात आणि प्रत्येक मापाला वेगळा साचा लागतो. ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून, वेल्डिंग करून जोडता येतात. म्हणून परवडणारी डाउनहिल सायकल बहुधा ॲल्युमिनियमची असते.

ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश, पण ताठपणाही तेवढाच कमी. ही उणीव नळीचा घेर वाढवून भरून काढतात. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वाकण्याला होणारा विरोध जवळपास आठपट होतो. या सायकलींच्या नळ्या लठ्ठ दिसतात त्या यामुळे.

खरी गोम सांध्यात आहे. चौकटींसाठी नेहमी वापरला जाणारा ६०६१ हा मिश्रधातू मॅग्नेशियम आणि सिलिकॉन यांच्या अतिसूक्ष्म कणांमुळे बळकट होतो. वेल्डिंगच्या उष्णतेने ही कणांची घडी विस्कटते आणि सांध्यालगतची ताकद जवळपास निम्म्यावर येते. म्हणून जोडलेली पूर्ण चौकट सुमारे ५३० अंश सेल्सियसला तापवून एकदम थंड करतात. गरम पाकात विरघळलेली साखर सावकाश निवताना खडे धरते. तसे मोठे खडे धरायला इथे वेळच द्यायचा नसतो. या धक्क्याने वाकलेली चौकट ती मऊ असतानाच सरळ करतात, आणि मग सुमारे १७५ अंशांवर आठेक तास ठेवून कण पुन्हा बारीक, एकसारखे जमू देतात.

हा उष्णोपचार डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळेच जुन्या सवयीचा धोका आहे. पोलादी सायकलची नळी तुटली, की कोपऱ्यावरच्या दुकानात गॅस वेल्डिंगने जोडून ती आणखी दहा वर्षे वापरणारी पिढी आपण पाहिली आहे. ॲल्युमिनियमवर सुबक वेल्डिंग करणारे कसबी कारागीर पिरंगुटसारख्या औद्योगिक पट्ट्यात मिळतील. पण भट्टीतून न गेलेला तो सुबक सांधा तीव्र उतारावर दगा देऊ शकतो.

दुसरा फरक थकव्याचा. ठरावीक मर्यादेखालचा ताण पोलाद कितीही वेळा सोसू शकते. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही. प्रत्येक छोटा हादराही त्याच्या आयुष्याच्या खात्यातून वजा होत असतो. म्हणून दुसऱ्या हाताची सायकल घेताना रंगापेक्षा तिचा इतिहास विचारावा. चौकट पुसून, उजेडात धरून, पुढच्या काट्याजवळचे आणि पेडलजवळचे सांधे पाहावेत. रंगातली केसाएवढी रेघ ही तडा असू शकते. तडा ठरला, तर चौकट बाद.

मग काटकसर करायची कुठे? उतारावर गिअर थोडे पुरतात. हवेऐवजी स्प्रिंगचा शॉक जड असला तरी चालतो. मागच्या चाकाची साधी, एका खिळीवर फिरणारी रचना देखभालीला सोपी पडते. ब्रेक, टायर आणि हनुवटी झाकणारे हेल्मेट यांत मात्र हात आखडता घेऊ नये.

स्वस्त सायकल म्हणजे कमअस्सल सायकल नव्हे. ॲल्युमिनियमने हा खेळ मध्यमवर्गीय खिशाच्या आवाक्यात आणला. त्या बदल्यात ते एवढेच मागते: दर फेरीनंतर पाच मिनिटे, एक फडके आणि बारीक नजर.