दोरी अंगावर, मगच हँडल हातात

सकाळी ७
जुलैचा शेवटचा आठवडा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, त्यामुळे मिरकरवाडा बंदर बोटींनी गच्च भरलंय. किनाऱ्यावर शाकारलेल्या होड्यांची ताडपत्री उतरू लागली की माझ्याकडे आऊटबोर्ड इंजिनांची रांग लागते. प्लग, कार्बोरेटर, इम्पेलर ही कामं नाखवे स्वतःहून सांगतात. इंजिन बंद करणाऱ्या दोरीचं मात्र मलाच विचारावं लागतं.

सकाळी ८
राजिवड्याचा एक तरुण आला. फायबरची लहान होडी, हँडलचं टू-स्ट्रोक इंजिन, पहाटे जाळं टाकायला एकटाच जातो.
“दोरी कुठंय रे?”
“तुटली काका. स्विच पण खराब झालेला, काढून टाकला.”
भाट्याच्या खाडीचं तोंड गाळानं भरलंय. तिथे लाट फुटते, होडी दणका खाते आणि हँडलवर बसलेला माणूस सहज बाहेर फेकला जातो. त्याचा हात सुटला तरी इंजिन थांबत नाही. पंख्याच्या फिरण्याच्या जोरानं मोकळं इंजिन एका बाजूला वळतं, होडी गोल गोल फिरू लागते आणि पाण्यातल्या माणसाच्या अंगावर परत येते. पोहायला येतं म्हणून अशा वेळी कुणी वाचत नाही.

सकाळी ९
दुकानात स्विच निवडताना रंग आणि किंमत नंतर बघायची. आधी विचारायचं, हे इंजिन बंद कशानं होतं? याच्या इंजिनाला मॅग्नेटोची ठिणगी आहे. ठिणगीची वायर अर्थ झाली की इंजिन बंद. म्हणून इथे दोरीच्या टोकाची क्लिप निघाल्यावर सर्किट जोडणारा स्विच लागतो. बॅटरीवर ठिणगी देणाऱ्या काही इंजिनांना नेमका उलटा लागतो, क्लिप निघाली की सर्किट तोडणारा. चुकीचा बसवला तर क्लिप लावल्यावर इंजिन सुरूच होत नाही, आणि काढल्यावर खुशाल चालतं. डिझेल इंजिनात ठिणगीच नाही. तिथे तेल तोडणारा सोलेनॉइड लागतो, ते काम वेगळं.

खात्री मल्टिमीटरनं करायची. क्लिप आत असताना आवाज नाही, ओढली की बीप. हाच आपला. क्लिपचा आकार कंपनीगणिक बदलतो, म्हणून त्याच स्विचची जादा क्लिपही घेतली. तांडेल पाण्यात पडला तर क्लिप त्याच्याबरोबर जाते. होडीत राहिलेल्या माणसाला इंजिन सुरू करून त्याला आणायला दुसरी क्लिप लागतेच.

सकाळी १०:३०
जागा ठरवली. हँडल धरून बसल्यावर हात पोचेल आणि दोरी जाळ्यात अडकणार नाही, अशी. स्विचची एक वायर बंद करायच्या बटणाच्या वायरला, दुसरी इंजिनाच्या अर्थला, म्हणजे दोन्हींपैकी कशानंही इंजिन थांबेल. या वायरला बॅटरीचे १२ व्होल्ट चुकूनही लावायचे नाहीत, ठिणगी देणारा सीडीआय जळतो. वायर कथील चढवलेल्या तांब्याची, सांध्यावर उष्णतेनं आकसणारी नळी. खाऱ्या हवेत उघडा सांधा हंगामभर टिकत नाही. आतून हिरवा पडतो आणि बाहेरून कळतही नाही.

दुपारी १
जेवताना त्या पोराला इंग्लंडमधली घटना सांगितली. ५ मे २०१३, कॉर्नवॉलमधलं पॅडस्टो. एका कुटुंबातली सहाही माणसं ‘मिली’ नावाच्या वेगवान बोटीतून पाण्यात फेकली गेली. स्विच होता, दोरी होती, पण ती चालवणाऱ्याच्या अंगाला लावलेली नव्हती. बोट फिरत त्यांच्यावर आली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटी वेगात चालवताना ही दोरी किंवा तसलंच साधन अंगावर असणं कायद्यानं सक्तीचं आहे. आपल्याकडे कायद्याची वाट कशाला बघायची?

दुपारी ३
इंजिन पाण्याच्या पिंपात उभं केलं. कोरडं चालवलं तर इम्पेलर जळतो. सुरू केलं, दोरी ओढली, बंद. क्लिप न लावता स्टार्टरचा दोर खेचला, सुरू झालं नाही. क्लिप लावली, सुरू झालं. तीनदा हेच केलं.

संध्याकाळी ५
भरतीच्या पाण्यात, खाडीच्या आतल्या बाजूला चाचणी. गिअरमध्ये, मध्यम वेगात त्यानं दोरी ओढली. इंजिन लगेच थांबलं, होडी थोडी पुढे सरकून शांत झाली.
“मनगटाला बांधू की कमरेला?”
हँडलच्या इंजिनाला मनगट चालतं. लाइफ जॅकेटच्या घट्ट कडीला लावली तर आणखी चांगली. स्टिअरिंगच्या बोटीत मात्र मांडीला लावावी, मनगटाची दोरी चाकात गुंतते. शर्टाच्या बटणाला कधीच नाही, दोरीच्या आधी बटण तुटेल.

संध्याकाळी ६:३०
हिशेब झाला, आणि निघताना एक सवय लावून दिली. या जातीच्या स्विचमध्ये मोठा धोका असा की आतली वायर तुटली तरी इंजिन नेहमीसारखंच चालतं. स्विच मेलाय हे माणूस पाण्यात पडल्यावरच कळतं. त्यावर इलाज साधा आहे. किनाऱ्याला लागल्यावर इंजिन बटणानं बंद करू नका, रोज दोरी ओढूनच बंद करा. थांबलं तर स्विच जिवंत आहे. नाही थांबलं, तर दुरुस्त होईपर्यंत त्या होडीनं एकट्यानं समुद्रात जाऊ नका.