वय तेच, वातावरण निराळे

अशोका विजयादशमीला विहारात वंदना होते आणि आमच्या जालना जिल्ह्यात मंठा, घनसावंगी, अंबड तालुक्यांतल्या वस्त्यांवर ऊसतोडीला निघायची तयारी सुरू होते. मुकादमाची उचल आधीच खर्चून गेलेली असते. भांडीकुंडी, शेळी, लहान लेकरे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतात. त्यांच्याबरोबर सातवी-आठवीतली मुलगीही चढते.

फडावर तिचा दिवस पहाटे सुरू होतो. भाकरी थापायच्या, कोपीत धाकट्याला सांभाळायचे, वाढ्यांच्या पेंढ्या बांधायच्या. चार-पाच महिन्यांत वही सुटते आणि पोर ‘मोठी’ दिसू लागते. कोपीला दार नसते, म्हणून आईबाप धास्तावतात. त्यात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. लग्न झाले की नव्या जोडीला उचल मिळते. मग कायद्याने अठरा वर्षे सांगितली तरी पंधराव्या वर्षीच हळद लागते.

तिच्याच वयाची चुलत बहीण आजीजवळ गावात राहिलेली असते. ती शाळेत जाते, संध्याकाळी विहारात अभ्यासाला बसते, पोलीस भरतीच्या गोष्टी करते. तिला सगळे ‘अजून लहान आहे’ म्हणतात. घराणे एक, वय एक; फरक वातावरणाचा.

हा प्रश्न विद्वानांनाही पडला. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथल्याच मार्गारेट मीड १९२५ साली पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर गेल्या. तिथल्या मुलींची या वयात अमेरिकेतल्या मुलींसारखी घालमेल होत नाही, असे त्यांनी १९२८ च्या पुस्तकात मांडले. डेरेक फ्रीमन यांनी १९८३ साली त्यावर कडक टीका केली. तो वाद विद्वानांचा. पण मुलगी वयात येते ती शरीराने, आणि तिला बाई ठरवतो तो समाज, हे आपल्या वस्तीतही दिसते.

खुद्द बाबासाहेबांना शाळेत वेगळे बसवले, पाण्याला हात लावू दिला नाही. पण घरी सुभेदार रामजींचा अभ्यासाचा आग्रह होता. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती आलेल्या त्या पुस्तकाची वाट १९५६ च्या दीक्षाभूमीपर्यंत गेली.

म्हणून माता-भगिनींनो, यंदा मुलीला फडावर नेण्याआधी शाळेत जाऊन हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. आजी थकली असेल तर महिला मंडळाने चार घरांत मिळून तिचे जेवण आणि झोपणे सांभाळावे. विहारात संध्याकाळी एक दिवा अभ्यासासाठी लावावा. उसाचा हंगाम दरवर्षी येतो. पोरीचे चौदावे वर्ष एकदाच येते.