देवडीवरचा पहारेकरी

चाकूर परिसरातील जुने वाडे आमच्या विद्यार्थ्यांनी पाहिलेच असतील. वाड्याच्या देवडीवर पहारेकरी बसे व बाहेरचा निरोप आत पोहोचवी. आपल्या शरीरातील पेशींच्या आवरणावरही असे पहारेकरी असतात. शास्त्रज्ञ त्यांस ग्राहक म्हणतात. ग्राहकाचे एक टोक पेशीच्या बाहेर व दुसरे आत असते.

स्टॅन्ली कोहेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदरांच्या लाळग्रंथींतून एक द्रव्य वेगळे केले. ते नवजात पिलांस टोचले असता त्यांचे डोळे वेळेपूर्वीच उघडत. हे द्रव्य म्हणजे वाढीचा निरोप होय; आणि तो घेणाऱ्या ग्राहकाचे नाव ईजीएफआर. वाढीच्या अशा द्रव्यांच्या शोधाबद्दल कोहेन व रीटा लेव्ही-मॉन्ताल्चिनी या विदुषी यांस १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

निरोप येताच दोन ग्राहक एकमेकांस जोडले जातात, त्यांची आतील टोके जागृत होतात व पेशी विभागू लागते. निरोप थांबला की कामही थांबते. ग्लायोब्लास्टोमा नामक मेंदूच्या दुर्धर अर्बुदात मात्र ही शिस्त मोडते. जवळजवळ निम्म्या रोग्यांत या ग्राहकाच्या जनुकाच्या प्रती बेसुमार वाढलेल्या आढळतात. काहींत तर ग्राहकाच्या बाहेरील भागाचा एक तुकडाच गळालेला असतो. मग कोणी आलेले नसतानाही हा पहारेकरी आत सारखी वर्दी देत राहतो!

मग औषधाने त्याचे तोंड का बंद करू नये? फुप्फुसाच्या काही कर्करोगांत असा उपाय लागू पडला आहे. परंतु रक्तातील पुष्कळशा औषधांस मेंदूत सहज प्रवेश मिळत नाही. शिवाय एकाच अर्बुदातील सर्व पेशी सारख्या नसतात, आणि एक दार बंद केले तर त्या दुसरे शोधतात. म्हणून शस्त्रक्रिया, किरणोपचार व टेमोझोलोमाइड हे औषध यांवरच आजही मुख्य भिस्त आहे. परळ येथे १९४१ साली उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय व त्याचे खारघर येथील केंद्र यांत अशा रोग्यांवर उपचार होतात.

पालकांस आमचे एवढेच सांगणे आहे. हा बिघाड बहुधा आयुष्यात मागाहून उद्भवतो. तो स्पर्शाने पसरत नाही, आणि तो कोणाच्या पापाचे फळ नव्हे की कोणाची करणीही नव्हे. प्रत्येक डोकेदुखी म्हणजे अर्बुद नसते. तथापि दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, प्रथमच आलेली फेफरे किंवा एका अंगाचा अशक्तपणा दिसल्यास देवऋषीकडे दिवस न घालविता डॉक्टरांकडे जावे. रोग्याच्या घरी आपण दोष शोधावयास नव्हे, तर धीर देण्यास जावे.