काजळी सांगते गाडीचे दुखणे

सकाळी गाडी सुरू करताच सायलेन्सरमधून काळा भपकारा निघतो, मागच्या बंपरवर काजळी साचते आणि पेट्रोलचा खर्च महिन्याचे गणित बिघडवू लागतो. त्यातच गॅरेजवाला ‘इंजिन उघडावे लागेल’ म्हणाला की घरातल्यांच्या पोटात गोळाच येतो. पण दर वेळी ती पाळी येतेच असे नाही.

आधी धुराचा रंग पाहा. निळसर धूर असेल तर ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर ते इंजिनात झिरपते आहे. काळा धूर मात्र इंधनाचा. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. ती कमी पडली की काजळी धरते, जशी बिघडलेल्या रॉकेलच्या स्टोव्हवर पातेल्याच्या बुडाला धरते.

गाडी थंड असताना नळीच्या आत पांढरे फडके फिरवा. कोरडी, भुकटीसारखी काजळी इंधनाची. चिकट, तेलकट असेल तर ऑइलची शंका घ्यावी. थोडीशी काजळी मात्र दुखणे नव्हे. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत ती दिसतेच. रोज भाजीबाजारापर्यंतच जाणाऱ्या गाडीतही साचते, कारण इंजिन पुरते तापतच नाही.

तपासणीची सुरुवात स्वस्तातल्या गोष्टींपासून करावी. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा; धुळीने गच्च भरला असेल तर बदला. स्पार्क प्लगचे टोक फिकट तपकिरी असावे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक अडकलेला असतो, तेही पाहून घ्यावे.

इंजेक्शनच्या गाडीत हमखास चकवणारा एक छोटा भाग आहे, इंजिनचे तापमान सांगणारा सेन्सर. तो बिघडला की भर उन्हाळ्यातही गाडीचा कॉम्प्युटर इंजिन थंड आहे असे समजून जादा पेट्रोल सोडत राहतो. ऑक्सिजन सेन्सर किंवा गळका इंजेक्टरही असेच करतो. म्हणून डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागला असेल, तर काहीही बदलण्याआधी स्कॅनर लावायला सांगा. अंदाजाने सुटे भाग बदलणारा मेकॅनिक महागात पडतो.

डिझेल गाडीत टर्बोचा पाइप निसटला तरी काळा धूर येतो. कधी नुसती क्लिप आवळून भागते. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तरीही तिची नळी काळी झाली, तर फिल्टर फुटला आहे किंवा कुणी काढून टाकला आहे.

डिपस्टिकवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी चालवू नका. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही जाळते, आणि तो फार महाग असतो. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन मुळीच सुरू ठेवू नये. पेट्रोल अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला ना रंग, ना वास, पण तो जीव घेतो.

दुरुस्तीनंतर नळी आतून पुसून घ्या आणि दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा फडके फिरवून पाहा.